शेवटपर्यंत ऐकणारे : शून्य

सकाळचा चहा गाळून होईपर्यंत भाऊसाहेब चष्मा पुसत, मोबाईल उघडत आणि आकडा बघत. गेले एकवीस दिवस आकडा तोच होता. शेवटपर्यंत ऐकणारे : शून्य.

शून्याशी त्यांचं वैर नव्हतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिमाही अहवालात ‘प्रलंबित प्रकरणे : शून्य’ असं लिहिताना त्यांची छाती फुगायची. पण ते शून्य त्यांनी कमावलेलं होतं. हे शून्य न मागता अंगावर येऊन बसलं होतं. काकू, म्हणजे त्यांची बायको, कप पुढे करताना त्यांच्या चेहऱ्यावरूनच आकडा ओळखत आणि “आजही नाही का?” एवढंच विचारत. भाऊसाहेब म्हणत, “अजून अख्खा दिवस आहे.” आणि दिवस खरंच अख्खा असे, संध्याकाळपर्यंत तसाच्या तसा.

निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू पद्धतशीर जागी लावली. पुढच्या सहा महिन्यांत काकूंनी ती शोधून काढून परत आपल्या जागी लावली. मग एके दिवशी स्वयंपाकघरातल्या डब्यांना भाऊसाहेब क्रमांक घालू लागले तेव्हा काकूंनी लांबच्या गावी असलेल्या लेकीला फोन केला आणि बाबांना काहीतरी काम शोधून दे, नाहीतर मीच तुझ्याकडे राहायला येते, असं शांतपणे सांगितलं. लेकीने ‘वाचून दाखवा’ नावाचा एक गट शोधून दिला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी जगभरचे हौशी लोक पुस्तकं वाचून, आवाज मुद्रित करून तिथे ठेवत. ज्याला हवं त्याने ते ऐकावं. प्रत्येक मुद्रणाखाली दोन आकडे दिसत : किती जणांनी लावलं, आणि किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“बाबा, तुम्ही आयुष्यभर मोठ्याने वाचतच होता की,” लेक म्हणाली. हे मात्र खरं होतं.

भाऊसाहेब नक्कल विभागात होते. कुणाला जुन्या दस्ताची खरी प्रत हवी असली की लिपिक ती उतरवून काढी आणि शिक्का मारायच्या आधी ती मुळाशी ताडून पाहावी लागे. त्यासाठी एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून बघायचं. खाली दोन सह्या : वाचणार आणि ताडणार. वाचणाऱ्याने कागदावर असेल ते सगळं वाचायचं, असा दंडक होता. स्वल्पविराम असेल तर ‘स्वल्पविराम’ म्हणायचं. शिक्का असेल तर शिक्का, कोपरा फाटला असेल तर कोपरा फाटला आहे, शाई सांडली असेल तर शाई सांडली आहे.

भाऊसाहेब वाचणार होते. ताडणार होता त्यांचा जोडीदार, जो बावीस वर्षं समोर बसला आणि कामाच्या वेळात एकच शब्द बोलला. वाक्य संपलं की भाऊसाहेब थांबत, जोडीदाराचं बोट ओळीच्या शेवटी येई, तो म्हणे, “हं,” आणि मग पुढचं वाक्य. त्या दोघांच्या अशा म्हणाव्या तशा गप्पा कधी झाल्या नाहीत. जोडीदार आधी निवृत्त झाला आणि वर्षभरात गेला. ती बातमी आली त्या दिवशी भाऊसाहेबांना घास गेला नाही, आणि का ते काकूंना समजावून सांगणंही त्यांना जमलं नाही.

असो. गटात शिरायलाही अर्ज होता, ही गोष्ट भाऊसाहेबांना आवडली. अर्जात ‘तुमचा आवाज कसा आहे?’ असा प्रश्न होता आणि खाली तीन पर्याय होते : मखमली, भारदस्त, खेळकर. भाऊसाहेबांनी तिन्ही सोडून शेरा लिहिला, ‘आवाज साधा असून गेली चौतीस वर्षे चालू स्थितीत आहे.’ गटाचं काम बघणाऱ्या एक दाताच्या डॉक्टर होत्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. एकोणीस दिवसांनी त्यांच्याकडून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं. भाऊसाहेबांनी मंजुरीचा क्रमांक आणि दिनांक कळवण्याची विनंती केली. पुन्हा अंगठाच आला.

वाचायला त्यांनी एक कादंबरी काढली. नोकरी लागली त्या वर्षी हौसेने घेतलेली, सहाशे बारा पानांची, तीन पिढ्यांच्या प्रेमाची आणि ताटातुटीची. ती वाचायची तेव्हापासून राहून गेली होती. आता आपणही वाचू आणि दुसऱ्यालाही ऐकवू, एका दगडात दोन कामं होतील, असा त्यांचा हिशेब होता. सोसायटीत कुठेतरी कायम भिंत फोडणं चालू असल्यामुळे लेकीने फोनवरून शयनघरातलं कपड्यांचं कपाट सुचवलं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणाली. भाऊसाहेब कोटांच्या आणि रजयांच्या मधे स्टुलावर बसले, छातीशी विजेरी धरली आणि वाचू लागले.

“ती म्हणाली स्वल्पविराम अवतरणचिन्ह सुरू मी तुम्हाला कधीच विसरू शकणार नाही पूर्णविराम अवतरणचिन्ह पूर्ण. नवा परिच्छेद. त्याचे डोळे भरून आले उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह. येथे उद्गारचिन्हे दोन आहेत. पृष्ठ क्रमांक एकेचाळीस. पृष्ठाच्या खालच्या बाजूस चहाचा डाग असून त्याखालील एक शब्द वाचता येत नाही.”

प्रत्येक वाक्यानंतर ते एका हुंकाराएवढे थांबत. हे आपण करतो आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. श्वास घेतो हे तरी माणसाला कुठे ठाऊक असतं?

चौथ्या प्रकरणाच्या वेळी कपाटाची कडी बाहेरून पडली. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. हातातल्याच मोबाईलवरून कुणाला तरी बोलावता आलं असतं, पण त्यावर मुद्रण चालू होतं, आणि अर्धवट प्रकरण सोडून उठणं भाऊसाहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी उरलेली अठ्ठावीस पानं शिस्तीत वाचली, प्रकरण संपल्याचं जाहीर केलं आणि तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारायला सुरुवात केली. हा शेजारी विमा एजंट. तरुणपणी एका नाटकात त्याने पहारेकऱ्याचं काम केलं होतं, आणि तेव्हापासून सगळे त्याला कलाकार म्हणत. कलाकाराने दार उघडायला सुतार आणला, सुताराबरोबर निम्मी इमारत आली, आणि आत कोण आहे, का आहे, एकटाच आहे का, याची बरीच चर्चा झाली. मुद्रण बंद करायचं भाऊसाहेबांच्या लक्षात राहिलं नाही. राहिलं नाही तर नाही, पण नोंद झालेल्या मजकुरात खाडाखोड करायची नाही हा त्यांचा बाणा असल्यामुळे सगळं तसंच्या तसं गटावर गेलं.

त्या प्रकरणाला दोनशे सहा जण आले. सगळे कादंबरी ओलांडून थेट सुतारापाशी पोचत, हसत आणि निघून जात. शेवटपर्यंत ऐकणारे इथेही शून्यच होते, कारण सुतार गेल्यावर भाऊसाहेबांनी शुद्धिपत्रक वाचलं होतं. गटावर त्यांचं नाव ‘कपाटकाका’ पडलं. कुणीतरी त्यांच्या उद्गारचिन्हांची छोटी ध्वनिफीत करून एकमेकांना पाठवली. ती फिरत फिरत लेकीकडे गेली, लेकीने ती प्रेमाने आईला पाठवली आणि काकू गॅससमोर उभ्या राहून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवशी भाऊसाहेबांनी चहा परत केला.

मग बाविसाव्या दिवशी आकडा बदलला. पहिल्या प्रकरणाखाली ‘शेवटपर्यंत ऐकणारे’च्या पुढे एक आला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकच होता. ते जिना चढून कलाकाराकडे गेले, उतरून वाण्याकडे गेले, आणि कुठेतरी कुणीतरी आहे ज्याला आपला आवाज पुरा ऐकावासा वाटला, ही बातमी त्यांनी दोघांनाही फारसा आव न आणता सांगितली. घरी आल्यावर काकूंनाही सांगितली. काकू पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

“अहो, दुपारी मी लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटलं होतं ना परवा. म्हटलं ऐकावं. तिसऱ्या पानाला डोळा लागला माझा. जाग आली तेव्हा संपलं होतं.”

लाटणं पुन्हा सुरू झालं.

यानंतर सल्ल्यांचं पीक आलं. वाणी म्हणाला, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. सुतार म्हणाला, कपाटाला आतून कडी बसवून घ्या. कलाकार म्हणाला, तुमच्या वाचनात भाव नाही. विरह आला की आवाज कापला पाहिजे, प्रेम आलं की खाली उतरला पाहिजे. पहारेकऱ्याच्या त्या भूमिकेत एकच वाक्य होतं, ‘कोण आहे तिकडे?’, पण त्या एका वाक्यात आपण आठ भाव घातले होते, असं सांगून त्याने आठही भाव जिन्यात करून दाखवले. दोन दारं उघडली आणि कोण आहे म्हणून बघून परत बंद झाली.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या चांगल्या बाई होत्या आणि दुखणारा दात काढावा तशा हळुवारपणे बोलत होत्या. सगळ्यांच्याच योगदानाची आम्हाला कदर आहे, म्हणाल्या, पण तुमची शैली जरा वेगळी आहे, तर कादंबरी थोडी थांबवून तुम्ही मागण्यांची यादी बघाल का? भाऊसाहेबांनी ओळखलं. चौतीस वर्षं त्यांनी अशी पत्रं मोठ्याने वाचली होती. माणसाला तो नको असल्याचं कळवायचं असलं की आधी त्याची कदर केली जाते. त्यांनी त्याच दुपारी राजीनामा लिहिला, तीन परिच्छेदांचा, वाचकपदातून मुक्त करावे अशी विनंती करणारा. पण गटात शिरायला अर्ज होता तसा बाहेर पडायला नव्हता. राजीनामा कुठे सादर करायचा ते शोधत भाऊसाहेब बोटाने पान वर सरकवत राहिले. योगदानाबद्दल दिलेली फुलांची चित्रं गेली, आभार गेले, नियम गेले आणि अगदी तळाशी, जिथे बहुधा कुणी पोचत नसावं, तिथे मागण्यांची यादी होती.

एकूण मागण्या दोनशे चौदा. पुऱ्या झालेल्या नऊ.

कागद समोर आला की तो पुरा वाचायचा ही सवय. भाऊसाहेब वाचत गेले. कुणाला औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद हवा होता. कुणाला कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका हवी होती, कारण यंत्र शिट्टी वाजवतं आणि कशासाठी वाजवतं ते कळत नाही. कुणाला भाड्याचा करार, सही करण्याआधी. कुणाला बसचं वेळापत्रक. आणि वर, पहिल्या पानावर, एकच प्रेमकवितांचं पुस्तक अकरा जणांनी अकरा मखमली आवाजांत वाचून ठेवलं होतं. देणारे आपल्या आवडीचं देऊन समाधानाने निघून जात होते आणि मागणारे तळाशी रांगेत उभे होते. दोघांची गाठ घालून द्यायला मधे कुणी बसलेलंच नव्हतं. आमच्या विभागात असं झालं असतं तर विचारणा झाली असती, असं भाऊसाहेबांच्या मनात आलं. राजीनामा टेबलावर तसाच राहिला.

सर्वांत जुनी मागणी अकरा महिन्यांची होती. ‘सेवानियम, सर्व भाग, परिशिष्टांसह. जसं आहे तसं वाचावं.’ खाली फोन नंबर होता.

फोन उचलणारी बाई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. एकोणीस वर्षं. आवाज ठणठणीत आणि कामापुरता. तिने सरळ सांगितलं, “काका, मी नियमांचं पुस्तक मागितलं तेव्हापासून मला सतरा कवितासंग्रह आलेत. चार जणांनी जिद्दीच्या गोष्टी पाठवल्या. मला जिद्द नकोय हो. मला नियम हवेत.”

तिची हकीकत साधी होती. इस्पितळात फोन घ्यायला आता यंत्र येणार होतं. ऑपरेटरने खात्याची परीक्षा दिली आणि पास झाली तर तिला कार्यालयात काम मिळणार होतं. पुस्तक तिच्याकडे होतं, पण तिरप्या झेरॉक्सांचे फोटो काढून बनवलेलं. मजकूर वाचून दाखवणारा तिचा संगणक प्रत्येक पानावर ‘चित्र’ एवढंच म्हणे आणि गप्प बसे. तीनशे पानं, तीनशे चित्रं. परीक्षेला चौतीस दिवस होते.

“नापास झाले तर पगार थांबणार नाही,” ती म्हणाली. “नुसतं एका खुर्चीवर बसवून ठेवतील. काम नसलेल्या.”

त्या खुर्चीवर भाऊसाहेब दीड वर्षं बसून होते. त्यांनी पुस्तक वाचायचं कबूल केलं आणि ते तीनशे फोटो मागवून छापून घेतले.

पण अपमान ताजा होता आणि कलाकाराची शिकवणी डोक्यात होती. पहिले दहा नियम त्यांनी भाव घालून वाचले. ‘रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही’ इथे कलाकाराने कपाटाबाहेरून खूण केली आणि भाऊसाहेबांचा आवाज कापला. ‘तथापि’ला तो खाली उतरला. तासाभरात ऑपरेटरबाईंचा फोन आला. नियम दहाला तुम्हाला रडू का कोसळलं, घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी काळजीने विचारलं. भाऊसाहेबांनी खोकून वेळ मारून नेली. मग बाई म्हणाल्या, “मला तुमची ती कपाटाची कादंबरी माहीत आहे. तसं वाचा.”

ही बाईही आपली थट्टा करते आहे असं वाटून भाऊसाहेबांचे कान तापले. तरी त्यांनी वाचलं, कारण कबूल केलं होतं. कंस सुरू, कंस पूर्ण. पोटनियम दोन, खंड अ, अर्धविराम. येथे गोल शिक्का असून तो वाचता येत नाही. तक्ता सुरू, स्तंभ तीन. वाक्य संपलं की थांबणं. पाठवताना त्यांनी सोबत लिहिलं की सवय जुनी आहे, क्षमस्व.

“क्षमा कसली?” बाईंचं उत्तर आलं. “कुठला खंड कुठे तुटतो ते मला पहिल्यांदा कळलं. आणि प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही थांबता ना, तेवढ्यात मी ते मनात एकदा म्हणून घेते. ते मुद्दाम ठेवलंय का?”

भाऊसाहेबांनी ‘हो’ लिहिलं, मग ते खोडलं. “ती पद्धत आहे,” असं त्यांनी कळवलं.

त्यांनी एक जुनी वही काढून रकाने आखले. दिनांक, नियम, वाचणार, ताडणार. वाचणारच्या रकान्यात ते रोज सही करत. पुढचा रकाना मोकळा राही. काकू आता कपाटाबाहेर खुर्ची टाकून बसत, कडीवर लक्ष ठेवायला, आणि कुकर लावायचा असला तर आधी विचारत.

तिसाव्या दिवशी पुस्तक संपलं आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, एक टीप निघाली. भाऊसाहेबांनी ती इमानाने वाचली आणि वाचता वाचताच त्यांचा आवाज खरोखरीच कापला. नियम चाळीस ते बावन्न सुधारण्यात आले असून सुधारित नियमांसाठी पुरवणी पाहावी.

पुरवणी बाजारात नव्हती. ती कुठे आहे हे मात्र भाऊसाहेबांना नेमकं ठाऊक होतं. त्यांच्याच जुन्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर.

खिडकीवरच्या बाईंनी त्यांना ओळखलं, विचारपूस केली आणि अर्ज करायला सांगितलं. भाऊसाहेबांनी केलेला अर्ज इतका निर्दोष होता की तो दोन टेबलांवर कौतुकाने फिरला, आणि त्यात दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या दुपारी, नक्कल तयार असल्याचं कळलं. भाऊसाहेब धावत गेले. चौदा पानांची नक्कल खरंच तयार होती. पण देता येत नव्हती. ती ताडून पाहिलेली नव्हती. ताडायला माणूस नव्हता. वाचणाऱ्याची जागा दीड वर्षापासून रिकामी होती आणि ताडणाऱ्याची त्याच्याही आधीपासून.

“मी ताडतो,” भाऊसाहेब म्हणाले.

अधीक्षक वयाने लहान होता. पूर्वी तो भाऊसाहेबांना बघून उठून उभा राहत असे, आणि आताही तो अर्धवट उठला. “सर, बाहेरच्या माणसाला नाही करू देता येत,” तो म्हणाला. “तुम्हीच शिकवलंय.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच फार लागलं. बाहेरचा माणूस. भाऊसाहेब बाकावर बसले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. समोर पाटी होती, तिचा मसुदा त्यांनीच कधीतरी केला होता : ‘अर्जदारास मूळ कागद कार्यालयीन वेळेत समक्ष पाहता येईल. मजकुराचे छायाचित्र घेण्यास किंवा मुद्रण करण्यास मनाई आहे.’ त्यांनी ती एकदा वाचली. मग विरामचिन्हांसकट पुन्हा वाचली. मोठ्याने वाचू नये असं तिच्यात कुठेही नव्हतं. फोनवर बोलू नये असंही नव्हतं.

मूळ पुरवणी समक्ष पाहायला द्यावी असा दुसरा अर्ज त्यांनी उभ्या उभ्याच लिहिला. अधीक्षकाने तो वाचला, पाटी वाचली, आणि आपल्या गुरूकडे जरा वेळ बघितलं. मग तो स्वतः उठून तिसऱ्या कपाटाकडे गेला.

पाहणीचं टेबल म्हणजे तेच टेबल. काचेखाली अजून जोडीदाराच्या हातचा सुट्यांचा तक्ता होता. भाऊसाहेब आपल्या बाजूला बसले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि ऑपरेटरबाईंना फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला.

“पुरवणी. पृष्ठ एक. उजव्या कोपऱ्यात आवक शिक्का असून दिनांक पुसट आहे. नियम चाळीस, पोटनियम एक. बढतीसाठी पात्र ठरलेल्या कर्मचाऱ्यास स्वल्पविराम रिक्त पद उपलब्ध असल्यास स्वल्पविराम तीन महिन्यांच्या आत नेमणूक देण्यात येईल पूर्णविराम.”

ते थांबले.

“हं,” फोनमधून आवाज आला.

भाऊसाहेबांना पुढची ओळ दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद होता तिथेच होता.

“काका? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” भाऊसाहेब म्हणाले. “इथे धूळ फार आहे.” आणि मग, बाईंना काय कळणार आहे हे माहीत असूनही, त्यांनी सांगून टाकलं. “फार दिवसांनी कुणी हं म्हणालं.”

बाई म्हणाल्या, “वाचा तुम्ही. मी आहे.”

चौदा पानं. वाक्य, थांबणं, हं. वाक्य, थांबणं, हं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आधी हसली, मग गप्प झाली. खिडकीवरच्या बाईंनी पंखा बंद केला, त्याचा आवाज होत होता म्हणून. साडेपाचला कार्यालय बंद होतं. पाच पंचवीसला नियम बावन्न, टीप दोन, पूर्णविराम, सहीच्या जागी सही असून ती वाचता येत नाही, असं म्हणून भाऊसाहेबांनी कागद मिटला. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि आपल्या रकान्यात सही केली.

“ताडणार म्हणून कुणाचं नाव लिहू?” त्यांनी विचारलं.

“माझंच की,” बाई म्हणाल्या. “एकही ओळ सुटलेली नाही. मी बघितलंय.”

घरी आल्यावर काकूंनी आकडा विचारला. भाऊसाहेबांनी मोबाईल उघडलासुद्धा नाही. पुरवणी गटावर गेलीच नव्हती, तेव्हा तिथे आकडा येणार कुठून? “शून्य असेल,” असं म्हणून त्यांनी दोन कप चहा घेतला. राजीनामा टेबलावर होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी उरलेल्या मागण्यांची यादी करायला घेतली, आणि पहिल्या ओळीत कपडे धुण्याचं यंत्र, शिट्टीचं कारण, असं लिहिलं.

निकाल सात आठवड्यांनी लागला. दुपारी फोन वाजला तेव्हा भाऊसाहेब औषधाच्या डबीतला कागद भिंगाखाली धरून बसले होते, आणि काकू समोर बसून त्यांना अवघड नावं नीट उच्चारून बघायला लावत होत्या.

“काका, मिळाली खुर्ची,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “टेबलावर फायलींचा हा एवढा ढीग आहे.” ढिगाचा त्यांना भारी आनंद झालेला दिसत होता. मग त्या जरा घुटमळल्या. “एक मागणी होती. यादीत टाकली असती, पण तिथे कोण बघतंय?”

“मी बघतो,” भाऊसाहेब म्हणाले.

“ती कादंबरी. सुतार आला तिथे थांबलीय. खरं सांगू का, कादंबरी काही खास नाही. पण तिने त्याला होकार दिला की नाही ते आता कळायला हवं.”

“सगळं ऐकलंत तुम्ही? पहिलं प्रकरण सोडलं तर आकडा शून्यच दाखवतो.”

“मी मध्येमध्ये मागे जाते. वाक्य परत ऐकते. अशांना मोजत नाहीत वाटतं तिथे.”

भाऊसाहेब उठले. कपाटाकडे न जाता त्यांनी फळीवरून कादंबरी काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. काकूंनी न सांगता गॅस बंद केला आणि त्या परत समोर येऊन बसल्या.

“प्रकरण पाच. पृष्ठ क्रमांक एकशे तीन, पृष्ठ स्वच्छ आहे. त्या दिवशी सकाळपासून तिचे कशातच लक्ष नव्हते पूर्णविराम.”

ते थांबले. फोनमधून आणि समोरच्या खुर्चीवरून एकदमच आलं, “हं.”